पोटावरचं इंजेक्शन

मागच्या वर्षी आईची डावी पोटरी सुजली, दगडासारखी टणक. आम्ही करमाळ्याकडचे. मुरगळलं असेल म्हणून दोन दिवस मलम चोळलं (चोळायला नको होतं हे नंतर कळलं), मग डॉपलरसाठी (शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) गाडी करून सोलापूर गाठलं. शिरेत गुठळी निघाली. त्यानंतर रोज पोटाची कातडी चिमटीत धरून एनॉक्सापॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं काम माझ्याकडं आलं, पहिल्या दिवशी हात नुसता थरथरत होता.

तेव्हा रात्री मोबाईलवर वाचताना एक केस सापडली, 2020 ला मेडिकल जर्नलमध्ये आलेली. स्पेस स्टेशनवर एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत गुठळी! त्रास काहीच नव्हता, रिसर्चच्या सोनोग्राफीत दिसली. तिथं वजन नसल्यानं डोक्याकडचं रक्त नीट खाली उतरत नाही, मानेत तुंबतं, 11 अंतराळवीरांना तपासलं तर 6 जणांचं रक्त त्या शिरेत थांबलेलं नाहीतर उलटं वाहताना दिसलं. मग पेशंटनंच स्वतःच्या मानेवर प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) धरला आणि पृथ्वीवरचे रेडिओलॉजिस्ट लाईव्ह सांगत गेले, इकडं सरकवा तिकडं दाबा. औषध तेच, आईचंच. साठा मोजका म्हणून पुढं डोस कमी करून पुरवला, बाटलीतून सुईत औषध ओढणंसुद्धा तिथं अवघड, नंतर यानातून गोळ्या गेल्या.

स्टेशन साधारण 400 किलोमीटर वर आहे, म्हणजे सोलापूर ते मुंबईएवढं. तेवढ्या लांबून शीर बघता येते आणि आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही, हे मला पटतच नाही. मंगळावर हे जमणार नाही, सिग्नल जायलाच वीसेक मिनिटं लागू शकतात, तिथं सोबत डॉक्टरच न्यावा लागेल. पण करमाळा काय मंगळावर आहे का? नासानं 1970 च्या दशकात अंतराळासाठीची टेलिमेडिसिन, म्हणजे लांबून तपासायची पद्धत, अमेरिकेत ॲरिझोनातल्या आदिवासींच्या गावांत गाडी फिरवून करून बघितली होती, म्हणजे ही विद्या खेड्यातच तपासली गेलीय.

सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाईन सेवेवर डॉक्टर दिसतो, बोलतो, पण शीर कशी दिसणार? गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळं सोनोग्राफी मशीन कुणाच्याही हातात देता येत नाही आणि ते बरोबरच आहे, आपल्याकडं मुलींचं काय केलं ते विसरून चालणार नाही. तरी फक्त हातापायाच्या शिरा बघणारा प्रोब, प्रत्येक तपासणीचं रेकॉर्डिंग, समोर सोलापूरचा रेडिओलॉजिस्ट आणि प्रोब धरायला ट्रेनिंग घेतलेली नर्स, एवढी वाट कायद्यात काढता येणार नाही का? जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात कुणी ओळखीचं असेल तर सांगा, मला खरंच जाऊन बोलायचंय, आईची फाईल घेऊन येतो.