16 डिग्री आणि दीड आटा

मुंबईत थंडी पडलीय हे मला हवामान खात्याच्या आधी माझी बाईक सांगते. जानेवारीत सकाळी 6 ला सांताक्रूझला 16 डिग्री असलं की आमच्या आरेच्या झाडीत गारठा जरा जास्तच, आणि 2006 ची ही बया किकच घेत नाही. पहिली, दुसरी, पाचवी, अकराव्या किकला नुसता घसा खाकरते, आणि नेमके तेव्हाच तळमजल्यावरचे काका कानटोपी घालून दुधाला निघतात. "चोक दिलास का रे? आणि ही कसली थंडी, 1962 च्या जानेवारीत सांताक्रूझला 7.4 होतं!" काका, चोक दिलाय, आणि मला घाम आलाय.

भानगड अशी की थंड हवा दाट असते, 35 डिग्रीपेक्षा 15 ला साधारण 7 टक्के जास्त. ऑक्सिजन वाढला, पण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच, पेट्रोल त्या मानाने वाढत नाही, वर गार इंजिनात त्याची वाफही धड होत नाही. मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजेक्शनवाल्या गाड्यांत सेन्सर तापमान बघून पेट्रोल ठरवतो, आमच्याकडे सेन्सर म्हणजे मीच.

तर रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. गॅरेजवाला म्हणाला होता, "एअर स्क्रू अर्धा आटा आत घ्या, जास्त नको." हा स्क्रू आत गेला की हवा कमी, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण जास्त. मी दीड घेतला. थंडी जास्त वाटत होती ना. सोमवारी तिसऱ्या किकला स्टार्ट! काका बघतायत म्हटल्यावर मी उगाच दोनदा रेस केली.

पण मुंबईची थंडी साडेनऊला ड्युटी संपवून घरी जाते हे मी विसरलोच. दुपारी अंधेरीहून निघालो तर 32 डिग्री, हवा पातळ झालेली आणि स्क्रू अजून पहाटेच्या आरेतच, म्हणजे आता पेट्रोलच जास्त. जोगेश्वरीच्या सिग्नलला रेस सोडली की भुक् भुक् करून बंद, मागे बेस्टची बस, तिचा हॉर्न थेट पाठीच्या कण्यात. कशीबशी कडेला घेऊन प्लग काढला तर तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून निदान केलं, "चोक बंद करा ना साहेब." बंदच होता हो!

आता डब्याच्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर असतो. सकाळी एक आटा आत, जेवण झालं की एक आटा बाहेर, न चुकता. बायको म्हणाली, "आणि बीपीची गोळी?"