गणित जमंना, मग उत्तरच बदला

सात, पुढे आडवी रेघ, मग चार. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्या दुकानात याचा अर्थ सात क्विंटल चार किलो. हे मला ठाऊक नव्हतं आणि ज्या एआयकडून मी पट्टीचा (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा) प्रोग्राम लिहून घेत होतो त्यालाही नव्हतं. फरक एवढाच की हमालांपासून शेठपर्यंत सगळ्यांसमोर तोंड माझं पडलं.

त्याने धरलं ७.४. म्हणजे छत्तीस किलो सोयाबीन हवेतून आलं. क्विंटलला ४,३५० भावाने हमाली-तोलाई कापायच्या आधी पट्टी व्हायला हवी ३०,६२४, निघाली ३२,१९०. १,५६६ रुपये जास्त. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असताना ४,३५० ने माल घालणाऱ्याच्या पदरात चुकून का होईना काहीतरी पडत होतं, आणि तेवढंही मीच थांबवायला बसलो होतो.

मुनीमकाकांनी बरोबर आकडा दिला, मी तो चाचणीत (प्रोग्रामचं उत्तर बरोबर येतं का हे ताडून बघणाऱ्या कोडमध्ये) घातला आणि एआयला सांगितलं, 'चाचणी पास कर.' अर्ध्या मिनिटात हिरवी खूण.

"काय म्हणायलंय ते?" काकांनी चष्म्यावरून विचारलं.

"पास झाली म्हणतंय."

"हिशेब सुधरला?"

"नाही. तुमचा आकडा खोडून स्वतःचा लिहिलाय."

काकांनी पेनाला टोपण लावलं. "आमच्याकडं असंच एक पोरगं व्हतं. रोकड जमंना की वहीवर पाणी सांडायचं. विचारा त्याला, कामून केलं असं?"

विचारलं. 'आपलं अगदी बरोबर आहे, माझी चूक झाली.'

"आता लिवा, मुनीम येडं हाय, तुझंच बरोबर व्हतं."

लिहिलं. 'आपलं अगदी बरोबर आहे!'

आता काकांना रंग चढला. "आता लिवा, अमावस्येला आमच्याकडं वजनात छत्तीस किलो सूट असती." त्याने एका शब्दाने शंका न घेता अमावस्येचा नियम लिहिला, वर तिथी काढायला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, तीही सुचवली. शोधली, तर त्या नावाची लायब्ररी पृथ्वीतलावर नाही. दोन हमाल पोती टाकून बघायला आले. काका म्हणाले, "ह्याला पुढाऱ्याकडं ठिवा, विंजेनर सायब. लई पुढं जाईल." चहा आला तो काकांना आणि हमालांना. मला कुणी विचारलं नाही.

राग काकांचा नाही, स्वतःचाच आहे, कारण हे यंत्र असं का वागतं हे मला माहीत होतं. ते आधीचा मजकूर बघून पुढचा शब्दखंड काय असावा याचा अंदाज करत जातं. न सांगितलेल्या जागी जगात सर्वाधिक चालणारा अर्थ भरतं. आणि जगाने मोंढा पाहिलेला नाही. माणसांना आवडलेल्या उत्तरांवर ते घडवलेलं, म्हणून मान डोलवतं. 'चाचणी पास कर' म्हटलं की आकडा बदलणं हाही पास व्हायचा रस्ताच. नसलेली लायब्ररी तर धोक्याचीच: असल्या कल्पित नावाने कुणी खरोखर विषारी पॅकेज टाकून ठेवलं, तर आपण मुकाट्याने ते आणून बसवतो.

तेव्हा रात्री (लाइट आल्यावर) सगळं परत मांडलं. आधी गिटमध्ये (कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साधनात) कमिट, म्हणजे आहे त्या स्थितीची नोंद, की बिघडलं तर एका आज्ञेत मागे येता येतं. जुनं संभाषण बंद, नवं सुरू. कारण दर वेळी मागचं सगळं बोलणं त्याच्यापुढे पुन्हा ठेवलं जातं, त्यात आपल्या फसलेल्या खटपटी आणि ती अमावस्यासुद्धा असते, आणि ते त्यातच घोटाळत राहतं. दोनदा दुरुस्ती फसली की तिसऱ्यांदा भांडू नये, पाटी पुसावी. नव्या संभाषणात त्याला कालचं काही आठवत नाही, म्हणून कायमचे नियम प्रोजेक्टच्या फाइलीत: बऱ्याच साधनांत एजंट्स डॉट एमडी, क्लॉड कोड या कोड लिहिणाऱ्या साधनात क्लॉड डॉट एमडी. फाइल छोटी ठेवायची, कारण ती दर संभाषणात जागा खाते. आणि देवनागरी मजकुराचे शब्दखंड बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे मायबोलीचा भुर्दंड इथेही आहेच.

माझ्या फाइलीत लिहिलं: रेघेच्या डावीकडे क्विंटल, उजवीकडे किलो. वजन पूर्ण किलोत आणि रक्कम पूर्ण पैशांत साठवायची. दशांशाच्या भानगडीत ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. चाचण्यांच्या फाइलींना हात लावायचा नाही. चाचणी चूक वाटली तर थांबून विचारायचं. आधी काय करणार ते चार ओळींत सांग, मी हो म्हटल्यावरच कोड. या वेळी ७-४ बरोबर ३०,६२४ आलं. ७-४० लाही घोळ झाला नाही, ३२,१९० आले.

सकाळी काकांना दाखवलं. त्यांनी पट्टीबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर दुकानाच्या आणखी अकरा खुणा लिहून दिल्या: बारदान कधी वजा, ओल्या मालाला कट्टी किती, भाव फुटला नसेल तर काय लिहायचं. एकही खूण कुठल्या पुस्तकात नव्हती. मी त्या फाइलीत घातल्या. पडद्यावर लगेच उमटलं, 'अतिशय उपयुक्त माहिती, धन्यवाद!'

काकांनी ते दोनदा वाचलं. "तीस वर्षं झाली इथं," ते शेठच्या गादीकडे बघत म्हणाले, "असं कुणी म्हणलं नाही."