उघडली नाही ती फेकायची

मी मूळचा लातूरचा. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावच्या माणसाचं समुद्राशी काय नातं असणार, सांगा. आमच्याकडे मासा म्हणजे मांजरा धरणातला, तोही धरणात पाणी असेल त्या वर्षी. पुढे लग्न झालं वेंगुर्ल्याच्या मुलीशी, संसार थाटला ठाण्यात, आणि गेली दहा वर्षं माझं काम एवढंच की ताटावर बसायचं, काटे काढायचे आणि "मस्त झालंय" म्हणायचं. हे काम मी चोख करतो.

पण गेल्या जूनमध्ये बायको बाथरूममध्ये घसरली आणि उजव्या मनगटाला प्लास्टर आलं. पहिले चार दिवस पोळीभाजीवर निघाले. पाचव्या दिवशी रविवार, आणि बाईंना तिसऱ्या आठवल्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या. सुरमई-पापलेट मागितलं असतं तर मी सुटलो असतो, कारण 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. पण तिसऱ्यांना बोट लागत नाही ना, ओहोटीला खाडीत उतरून हातानेच गोळा करतात.

मार्केटात कोळणीने वाटा पुढे सरकवला, "दादा, जित्या हान सगल्या, बग पानी कशी मारतान." मी दोन वाटे घेतले. तिथपर्यंत सोपं होतं.

घरी आलो आणि मला वाचायची अवदसा आठवली. शिंपल्यातला जीव म्हणे पाणी गाळून जगतो, म्हणजे खाडीत जे काय असेल ते सगळं आधी त्याच्या पोटातून जाणार, म्हणजे हे आपल्या वॉटर प्युरिफायरची कँडल काढून सुकं करून खाल्ल्यासारखंच झालं की. हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "वाचून झालं असेल तर मिठाच्या पाण्यात टाक."

टाकल्या. तासभर ठेवायच्या, म्हणजे पोटातली रेती सोडतात. मी स्टूल घेऊन समोरच बसलो. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, मग एकेक शिंपली हळूच फटीएवढी उघडली, आतून दोन बारक्या नळ्या बाहेर आल्या आणि एकीने सरळ माझ्या चष्म्यावर पिचकारी मारली. सोफ्यावरून सूचना चालूच होत्या. फुटकी असेल ती फेक. उघडी असेल तिला टिचकी मार, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेक. मी एकेकीला टिचकी मारत बसलो, शाळेत हजेरी घेतात तसा. तीन गैरहजर निघाल्या.

बाईंना पाहिजे होती एकशिपी. म्हणजे विळीवर शिंपली उघडायची, मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी फेकायची, आणि हे सगळं कच्चं असताना. त्यासाठी आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, त्याने त्या जरा सैल पडतात म्हणे. माझ्या तर कुणी सैल पडली नाही. विळीवर बसून उजव्या हाताने दाबायचं, डाव्या हाताची बोटं वाचवायची आणि वर आतलं पाणीही सांडू द्यायचं नाही. अकरा झाल्या तेव्हा पाऊण तास झाला होता. पातेल्यात डोकावून बायको म्हणाली, "राहू दे, वाफव." एवढा प्रेमाचा शब्द प्लास्टर लागल्यापासून ऐकला नव्हता.

वाफवल्यावर टकाटक उघडल्या. खाली साचलेलं पाणी निवळून घेतलं, तळाची रेती टाकली. कांदा, ओल्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, आमसूल, सगळं सांगितल्याप्रमाणे. फक्त मीठ मी अंदाजाने घातलं, आमच्या लातूरच्या मटणाच्या अंदाजाने. तिसऱ्या मुळातच खारट, त्यांचं पाणीही खारट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं म्हणे, मिक्सर चालू असताना.

आणि चार उघडल्याच नाहीत. परत वाफ दिली तरी नाहीत. बायको म्हणाली, उघडली नाही ती फेकायची, विषय संपला. पण वाट्याला पैसे मोजलेले, मी एक शिंपली सिंकमध्ये नेऊन स्क्रूड्रायव्हर लावलाच. आत जीव नव्हता, काळाकुट्ट चिखल होता, ठासून भरलेला. ही पातेल्यात उघडली असती तर अख्खं जेवण सिंकमध्ये गेलं असतं. उरलेल्या तीन मी दोन्ही हातांनी अदबीने कचऱ्यात सोडल्या.

दुपारी जेवण झालं. "जरा खारट आहे, पण मस्त झालंय," ती म्हणाली. माझाच डायलॉग.

उरलेलं मी घड्याळ लावून फ्रिजमध्ये टाकलं. दोन तासांच्या आत टाकायचं, आणि उकाडा 32 डिग्रीच्या वर असेल तर एका तासात. ठाण्यातला जून, एकच तास धरला. रात्री गरम करायचं तर 74 डिग्री पाहिजे. घरात थर्मामीटर तापाचा, तो 42 च्या पुढे जात नाही, आणि मी तो नुसता हातात घेतला तरी सोफ्यावरून किंचाळी आली. मग मायक्रोवेव्ह. दीड मिनिटाने आत फाट्कन आवाज झाला, दोन तिसऱ्यांनी स्फोट केला, छतापर्यंत मसाला. उरलेलं गॅसवर खदखदा उकळलं. आता त्या चावताना सायकलच्या ट्यूबसारख्या लागत होत्या.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी सगळी कर्मकहाणी सांगितली, डिग्रीसकट. पलीकडे शांतता. मग, "जावयबापू, वास येता काय? नाय मां? मगे गप खावा." त्यांच्या लहानपणी घरात फ्रिज नव्हता, कालवण सकाळ-संध्याकाळ उकळून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीचा बांगडा पहिल्या दिवसापेक्षा भारी लागायचा. बांगड्याचं मान्य आहे हो, पण तिसऱ्यांचं रबर होतं त्याचं काय.

फोन मग बायकोकडे गेला, म्हणजे तासाची निश्चिंती. आणि माझ्या लक्षात आलं की मी घोळ घातलाय. लागेल तेवढंच काढून गरम करायचं असतं, मी सगळंच गरम केलं होतं. आता हे परत थंड करून उद्या परत गरम करणं नियमात बसत नव्हतं. फेकावं तर फोनवर सासूबाई, त्यांना वेंगुर्ल्यात बसून कळलं असतं. मी ओट्याशी उभं राहून वाटी संपवली.

रात्री दोनला मी पलंगावर बसून पोट ऐकत होतो. गुडगुडलं की घाम, थांबलं की जास्त घाम. बायको पाण्याला उठली.

"काय होतंय?"

"काही नाही होत. तेच बघतोय."

ती किचनमध्ये गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही.

"अरे, ती तिसऱ्यांची वाटी कुठंय?"

"धुतली."