बोलायचं नाही

आमच्या घरी सध्या मौनव्रत सुरू आहे. पाळणारी मी एकटीच.

सूनबाईने नातवासाठी कामांचे फोटो काढून दाराला वेल्क्रोने चिकटवलेत. तिचं म्हणणं, सांगितलेलं हवेत विरतं, चित्र जागेवर राहतं. पोर विसरलं तरी पुन्हा बघून घेतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी १९७२ साली ‘टीच’ कार्यक्रम सुरू झाला, त्यात अशा चित्रांवर भर. इतर मुलांनाही चालतं म्हणे. चालू दे की! पण नियम असा: ‘‘आई, बोलायचं नाही. चित्राकडे बोट दाखवायचं.’’ तोंडी सूचनेची सवय लागली की सुटत नाही. सूचना देणारीची सुटत नाही, त्याचं काय?

अंथरुणासाठी ‘उलटी साखळी’ आहे. आधीच्या पायऱ्या मोठ्यांनी करायच्या, शेवटची पोराने, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद त्याला. त्यानुसार मी गादी झटकली, चादर ताणली, गोधडीची घडी घातली, कंबर धरली. नातोबांनी वर उशी ठेवली. टाळ्या त्यांना. पुढे गोधडीही त्याच्याकडे जाणार आहे. साखळी गादीपर्यंत पोचेतो माझी कंबर टिकली म्हणजे मिळवली.

खरी परीक्षा कचऱ्याची. आमच्या इंदूरात कचरा सहा प्रकारे वेगळा द्यायचा: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक. ओल्याच्या डब्यावर केळ्याच्या सालीचा फोटो. नातू आंब्याची कोय घेऊन उभा, रस कोपरापर्यंत. डब्याकडे बघतो, कोयीकडे बघतो. ‘‘आजी, हे केळं नाहीये.’’ गाडीचं गाणं कोपऱ्यावर आलेलं. मी बोट दाखवतेय, तो बोटाकडे बघतोय. शेजारीण कठड्यावरून म्हणाली, ‘‘काय काकू, मौनी अमावस्या का?’’ ती थंडीत असते, एवढं सांगायचीही सोय नाही! तेवढ्यात त्याने कोय सुक्यात टाकली, आणि मी जी ओरडले, ती गाडीवाल्यानेसुद्धा गाणं थांबवलं.

संध्याकाळी डब्यावर कोयीचा, शेंगांच्या टरफलांचा आणि उरलेल्या पोह्यांचा फोटो चढला. पोह्यांवर जिरावण मसाला स्पष्ट दिसतोय.

पाण्याच्या बाटल्या मात्र तो आता न सांगता भरतो. म्हणून सूनबाई म्हणाली, ‘‘आई, आता आधार कमी करत न्यायचा. उद्यापासून बाटल्यांच्या वेळी बोटही नको.’’

‘‘मग मी तिथे उभी कशाला राहू?’’

‘‘नकाच राहू.’’