सुशीची परीक्षा भातावर

तोक्योला येणारे नातेवाईक महिनाभर आधीच कळवतात की एकदा तरी नामांकित ठिकाणची सुशी खायची आहे. ज्या ठिकाणांची नावे ते पाठवतात तिथे माणशी तीस-चाळीस हजार येन मोजावे लागतात. मी त्यांना निशी-कासाईतल्या आमच्या घरामागच्या गल्लीत, नऊ खुर्च्यांच्या दुकानात दुपारी जेवायला नेते. दहा सुशींचे ताट, मिसो सूप आणि हवा तितका चहा तिथे साडेअकराशे येनला, म्हणजे साधारण साडेसहाशे रुपयांना मिळतो. पैसे वाचवावेत म्हणून मी त्यांना तिथे नेत नाही. सुशी मुळात अशाच जागेची आहे, असे माझे ठाम मत आहे.

1820च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, भाताच्या गोळ्यावर मासा ठेवून हाताने दाबलेली निगिरी सुशी लोकप्रिय झाली ती रस्त्याकडेच्या गाड्यांवर. लोक उभ्याउभ्या खाऊन कामाला जात, आणि तेव्हाचा एकेक घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे. बर्फाची सोय नसल्यामुळे मासा मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेला, नाहीतर शिजवलेला असे. ताटात आज दहा सुशी येतात, त्यालाही टंचाईचा इतिहास आहे. युद्धानंतर 1947 साली धान्याच्या तुटवड्यामुळे खानावळींवर बंदी आली, तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी परवानगी मिळवली की गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ आणून द्यायचा आणि मजुरी देऊन दहा सुशी न्यायच्या. आपण दळण घेऊन गिरणीत जातो, तसाच हा व्यवहार होता. एका माणसाचे ताट दहाचे, हा हिशेब त्यातूनच रुळला.

दुकानाच्या मालकांना सगळे ‘ताइशो’ म्हणतात. ते व्हिनेगरच्या पाण्यात बोटे बुडवतात, डाव्या हातात माशाचा काप धरतात, उजव्या हाताने लाकडी भांड्यातून भाताचा लहानसा गोळा उचलतात, त्याच हाताच्या तर्जनीने कापावर वासाबी, म्हणजे नाकात जाणारी झणझणीत हिरवी चटणी, लावतात आणि दोन-तीन वेळा दाबून सुशी समोर ठेवतात. भात अंगाइतका कोमट असतो. त्याची शिते हातात सुटत नाहीत, पण जिभेवर ठेवताच मोकळी होतात. माझ्या मते सुशीची खरी परीक्षा इथेच होते. महाग मासा कोणालाही विकत आणता येतो, पण व्हिनेगर, मीठ आणि साखर यांचे प्रमाण साधलेला असा भात रोज लावायला वर्षानुवर्षांचा हात लागतो.

आई रत्नागिरीहून आली तेव्हा कच्च्या माशाच्या नावानेच तिला कसेसे होत होते. ताइशोंनी तिला आधी मीठ-व्हिनेगरात मुरवलेला साबा दिला, जो आपल्या बांगड्याच्याच कुळातला. हाताने खाल्ले तरी चालते, हे कळल्यावर ती सैलावली. दुसरा घास संपवून ती एवढेच म्हणाली, “भात जमलाय हो यांना.” उभा जन्म मासे-भातावर गेलेल्या बाईने आधी भाताचे नाव काढावे, याचे मला फार समाधान वाटले.

शाकाहारी मंडळींनाही इथे उपाशी राहावे लागत नाही. भातात काकडी गुंडाळून केलेली कप्पा-माकी असते, आणि दुधीच्या वाळवलेल्या पट्ट्या सोया सॉसमध्ये शिजवून केलेली कानप्यो-माकीही असते. मात्र शिजवलेल्या पदार्थांत बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून कडक शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीला मी नावे ठेवणार नाही. 1958 साली ओसाकाजवळ तसे पहिले दुकान निघाले आणि सुशी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली, हे मोठेच काम झाले. पण आता मोठ्या साखळ्यांमध्ये भाताचे गोळे यंत्र पाडते, आणि आमच्या भागातली हाताने करणारी छोटी दुकाने, चालवायला पुढची पिढी नाही म्हणून, एकेक करून बंद होताना मी पाहते आहे. ताइशोही सत्तरी ओलांडलेले आहेत. म्हणून इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की महिन्यातून एक दुपार आपल्या गल्लीतल्या दुकानासाठी ठेवा. टेबल मागू नका, ताइशोंच्या समोरच्या फळीपाशी बसा, आणि सुशी समोर आली की फोटोसाठी न थांबता भात कोमट असतानाच खा.