भीड बाळगा, बिल विसरा

नोकरी सोडून फ्रीलान्स डिझायनर झालात? छान केलंत. लॅपटॉप आहे, कोरल आणि फोटोशॉप येतं, वेबसाइटही उभी करता येते. उरलेलं शहाणपण इथे देतो आहे. ते तंतोतंत पाळलंत तर गावभर ‘पोरगं स्वभावाने फार चांगलं आहे’ असं नाव होईल.

पहिलं म्हणजे अ‍ॅडव्हान्स मागू नका. काम ओळखीतून आलेलं असतं. काका तुमच्या वडिलांबरोबर बँकेत होते, त्यांच्या मुलाचं मिसळीचं हॉटेल निघतंय आणि त्याला लोगो, मेनूकार्ड आणि ‘जमलं तर एक छोटीशी वेबसाइट’ हवी आहे. काकांनी चहा पाजलाय, वर खारी दिलीये. अशा माणसाकडे निम्मे पैसे आधी मागायचे? फर्निचरवाल्याला त्यांनी अ‍ॅडव्हान्स दिलाय, जागेला डिपॉझिट दिलंय, गॅसवाल्यालाही दिलंय. पण त्या लोकांना कुठे तुमच्यासारखी कलेची आवड आहे?

लेखी तर काहीच करू नका. किती ऑप्शन, किती करेक्शन, त्यापुढे किती पैसे हे दोन ओळींत लिहून ईमेल केलं की माणसं दुरावतात. त्यापेक्षा करेक्शन व्हॉइस मेसेजवर घ्यावीत. रात्री साडेदहाला चार मिनिटांचा मेसेज येईल. त्यात मागे कुकरची शिट्टी असेल, आणि मुद्दा इतकाच असेल की वहिनींना केशरी रंग आवडला नाही. वहिनी कोण, हे विचारू नका.

आता मराठी अक्षरं. मेनूवर ‘मिसळ’ टाइप करा. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेलं नसेल, तर वेलांटी म च्या आधी न बसता नंतर बसते आणि तुमच्या ग्राहकाकडे ‘मसिळ’ मिळू लागते. ही सेटिंग एका मिनिटात बदलता येते, म्हणूनच तिला हात लावू नका. मजकूर जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टमध्येच टाइप करत राहा आणि तोच उचलून वेबसाइटवर चिकटवा. लोक गूगलवर मिसळ शोधत बसतील आणि काकांचं हॉटेल काही सापडायचं नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी मुक्त आणि बलू असे देखणे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने ठेवलेत. छपाईला चालतात, वेबला चालतात, धंद्यासाठी वापरले तरी कुणी विचारत नाही. फुकट आणि वर कायदेशीर, म्हणजे काहीतरी गडबड असणारच. तुम्ही आपला मित्राच्या पेनड्राइव्हमधला क्रॅक फॉन्टच वापरा. मराठी वळणाचा ल आणि श कसा असावा हे राज्य सरकारने 2009 सालीच शासन निर्णय काढून सांगितलंय. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलं, की ज्या फॉन्टमध्ये सोय असते तो ही वळणं आपोआप दाखवतो. एवढा बारकावा बघतंय कोण? मी बघतो, पण मी काही गिऱ्हाईक नाही.

फ्लेक्सचं काम आलं तर सोडू नका. या राज्यात डिझायनरची खरी परीक्षा वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पिचून आलेला अंगठ्याएवढा फोटो दहा बाय वीस फुटांवर चढवायचा असतो. ‘दादा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवता का?’ असं चुकूनही विचारू नका. फोटो नीट आला तर तुमचं कौशल्य दिसणार कसं? वर साहेब, त्यांच्याखाली आमदार, मध्ये भाऊ गॉगल लावून, आणि तळाशी शुभेच्छुकांची मुंडकी चिंचोक्यांसारखी ओळीने. कुणाचं डोकं कुणापेक्षा दोन सूतही मोठं होता कामा नये. कोण कोणत्या गटात गेलं हे वर्तमानपत्रांच्या आधी डिझायनरला कळतं, कारण आदल्या रात्री अकराला निरोप येतो: ‘त्या डावीकडच्याला काढ.’ पैशांचं म्हणाल तर दुकानाबाहेर पाटीच असते, प्रिंटसोबत डिझाइन फ्री. म्हणजे तुमचा भाव स्क्वेअर फुटाला शून्य. तो निदान पक्का तरी आहे.

वेबसाइटचं सोपं आहे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावाने, तुमच्याच कार्डावरून घ्या. वर्षभराने ते संपलं, साइट बंद पडली, की फोन तुम्हालाच येईल आणि नूतनीकरणाचे पैसे मागणं तेव्हा फार वाईट दिसेल. फोटो ‘गूगलवरून घ्या’ म्हणाले की घ्या. मालकाची नोटीस आलीच तर ती पुढे तुमच्याकडेच पाठवतील.

मग बिल. ते पाठवायलाच हवं असं नाही, पण पाठवलंतच तर उत्तरं ठरलेली आहेत. सही करणारे साहेब बाहेरगावी आहेत. अकाउंटवाल्या मॅडम रजेवर आहेत. मार्च एंड आहे. मार्च नसेल तर गणपती आहेत. यावर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 सालचा एक केंद्रीय कायदा आहे. सरकारच्या उद्यम पोर्टलवर फुकट नोंदणी होते, एकट्या माणसाचीही होते. लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. ही सगळी माहिती मनातच ठेवा. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला की कंपन्यांचे अकाउंटवाले उगाच दचकतात, आणि मॅडम रजेवरून लवकर परत येतात. कुणाची रजा मोडणं आपल्या स्वभावात नाही.

पैसे येण्याआधी एक मागणी मात्र नक्की येईल: ‘ओपन फाइल देऊन ठेवा ना.’ म्हणजे हवे ते बदल करता येतील अशी मूळ फाइल. कायद्यानं कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे या फाइलला वेगळी किंमत लावता आली असती. पण काका म्हणतात, ‘आमचा भाचा पुढचं बघेल, तो कॅनव्हावर सगळं करतो.’ तेव्हा कोरलची ती सीडीआर फाइल आजच पाठवा, आणि जरा खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा. भाच्याच्या मित्राकडे कोरल फार जुनं आहे.