डॅशकॅम घरच्या घरी जरूर बसवा, पण त्या संदेशाप्रमाणे नको

गेल्या रविवारी माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, मला तिच्या गाडीचे एक छायाचित्र पाठवले. समोरच्या काचेलगतच्या खांबाचे प्लास्टिकचे आवरण तिने काढले होते, आत घडी घालून बसवलेली एअरबॅगची पिशवी दिसत होती आणि डॅशकॅमची, म्हणजे गाडीतून रस्त्याचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याची, वायर नेमकी त्या पिशवीवरून आडवी खाली उतरवलेली होती. सोबत प्रश्न होता, ‘एवढे झाले, आता एअरबॅगचा फ्यूज कोणता ते सांग.’ मी तिला तत्काळ फोन करून हात थांबवायला लावला. हे सारे तिने ‘दहा मिनिटांत डॅशकॅम’ या नावाने फिरणाऱ्या संदेशाप्रमाणे केले होते. तिला तो दोन वेगवेगळ्या गटांतून आला होता, आणि दोनदा आला म्हणून खरा वाटला होता.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: मेकॅनिकची गरज नाही, वायर खांबाच्या आवरणात कशीही कोंबावी, वीज एअरबॅगच्या फ्यूजवरून घ्यावी, कारण ‘एअरबॅग एरवी वापरात नसते’, फ्यूज उडत राहिला तर त्याहून मोठा टाकावा, पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही चित्रण करण्याची सोय) महिनाभर चालू ठेवला तरी बॅटरी उतरत नाही, मेमरी कार्ड कोणतेही चालते, आणि चित्रण हाती असले की अपघाताचा दोष आपल्यावर येऊच शकत नाही.

पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. कॅमेरा आरशामागे चिकटवायचा, वायर काचेच्या वरच्या कडेने छताच्या अस्तरात बोटाने सरकवायची आणि तिचे टोक गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायचे, एवढ्याला खरोखरच मेकॅनिक लागत नाही. मात्र हा संदेश तेवढ्यावर थांबत नाही. तो थेट एअरबॅग आणि फ्यूज बॉक्स यांत हात घालायला सांगतो.

ज्या गाड्यांना बाजूची पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, त्यांत तिची घडी छताच्या कडेने जाऊन या खांबाच्या आवरणापर्यंत येते. धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांश भागांत ती आवरण ढकलून बाहेर येते. तिच्या पुढ्यात वायर आडवी असेल, तर ती पिशवीच्या उघडण्याला अडवू शकते किंवा तिच्याबरोबर चेहऱ्याच्या दिशेने फेकली जाऊ शकते. म्हणून खांबातून वायर न्यायचीच असेल, तर ती पिशवीच्या मागच्या बाजूने, तेथे आधीपासून असलेल्या वायरींच्या जुडग्याला बांधून न्यावी लागते. आवरण बसवताना त्याच्या क्लिपाही धड असाव्या लागतात. काही क्लिपा एकदाच वापरण्याजोग्या असतात आणि काढल्यावर नव्याच घालाव्या लागतात. ‘कशीही कोंबा’ असे लिहिणाऱ्याने ते आवरण स्वतः कधी काढून पाहिले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

‘एअरबॅग वापरात नसते’ हे वाक्य वाचून तर मला संताप आला. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण पेटून विझतो, तो तिची नियंत्रक यंत्रणा स्वतःची तपासणी करत असल्यामुळे. आणि गाडी चालू असेपर्यंत ती यंत्रणा सावध असते. तिच्या फ्यूजच्या खाचेत घरी घातलेला फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा वीजजोडणी काढणारा तुकडा) किंचित सैल बसला, तर खड्ड्यातल्या एका हिसक्याने पुरवठा तुटू शकतो. कॅमेऱ्यासाठी रेडिओ किंवा सॉकेट यांसारखा दुय्यम परिपथ (सर्किट) निवडायचा, जो चावीबरोबर चालू आणि बंद होतो. हे मल्टिमीटरने (वीजदाब मोजणाऱ्या उपकरणाने) तपासता येते. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन यांचे फ्यूज या कामासाठी नाहीतच. ऋण टोक रंग नसलेल्या, गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेल्या धातूच्या बोल्टला लावायचे.

त्याहून घातक सल्ला मोठ्या फ्यूजचा आहे. फ्यूज कॅमेऱ्याचे रक्षण करण्यासाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून तेथे २० अँपिअरचा पिवळा घातला, की दहा अँपिअरच्या हिशेबाने निवडलेल्या वायरीतून जवळजवळ दुप्पट प्रवाह बिनबोभाट वाहू शकतो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट प्रवाहाला चौपट उष्णता, आणि ती डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिक आणि कापड यांच्या मधोमध. कॅमेऱ्याला साधारणतः एक अँपिअरही लागत नाही. तरीही फ्यूज उडत असेल, तर कोठेतरी वायर चेपली आहे किंवा सोलली आहे, आणि ती जागा शोधणे हाच उपाय आहे. उडणारा फ्यूज हा बिघाड नसून बिघाडाची सूचना आहे, एवढे तरी संदेश लिहिणाऱ्याला कळायला हवे होते.

बॅटरीचा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. पार्किंग मोडमध्ये सतत चित्रण करणारा कॅमेरा ४ वॉट घेतो असे धरले, तर १२ व्होल्टला प्रवाह सुमारे ०.३३ अँपिअर होतो आणि २४ तासांत ८ अँपिअर-तास खर्च होतात. ४५ अँपिअर-तासांच्या नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीतूनही तीन दिवसांत निम्म्याहून अधिक साठा संपतो. जुनी बॅटरी त्याआधीच हात टेकते. म्हणून वीजजोडणीच्या किटमध्ये व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर कॅमेरा बंद करणारी सोय असते. ती सर्वांत खालच्या पातळीवर न ठेवता १२ व्होल्टच्या आसपास ठेवावी.

मेमरी कार्डाबद्दल फार लिहीत नाही. डॅशकॅम जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहीत राहतो. सेकंदाला १५ मेगाबिट या दराने तासाला पावणेसात गिगाबाइट भरतात आणि ६४ गिगाबाइटचे कार्ड साडेनऊ तासांच्या आत पुन्हा पहिल्यापासून लिहिले जाऊ लागते. सामान्य कार्ड या सततच्या लिखाणाने लवकर झिजते. अशा वापरासाठी अधिक टिकाऊ म्हणून विकले जाणारे कार्ड घ्यावे आणि ते अधूनमधून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

राहिला शेवटचा दावा, आणि ताईने कॅमेरा घेतला होता तोच मुळी त्याच्या भरवशावर. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी याविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला. माग्डेबुर्ग शहरात शेजारशेजारच्या मार्गिकांतून डावीकडे वळणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या होत्या. आपली मार्गिका कोणी सोडली हे तज्ज्ञालाही सांगता आले नाही, आणि खालच्या न्यायालयांनी डॅशकॅमचे चित्रण पुरावा म्हणून पाहायलाच नकार देऊन कॅमेरा असलेल्या चालकाला निम्मीच भरपाई दिली. वरिष्ठ न्यायालयाने चित्रण ग्राह्य धरता येते असे ठरवले. पण त्याच निकालात दोन गोष्टी आणखी आहेत, ज्या असे संदेश कधीच सांगत नाहीत. एक, कारण नसताना सलग चित्रण करत राहणे तेथील माहितीसंरक्षण कायद्याविरुद्ध आहे, आणि ग्राह्यता प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंचे हित तोलून ठरवायची आहे. दोन, न्यायालयाने त्या चालकाला विजयी घोषित केले नाही. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवले. पुरावा ऐकून घेतला जाणे आणि निकाल आपल्या बाजूने लागणे यांत केवढे अंतर आहे, ते यावरून दिसते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा कॅमेरा लावण्यापूर्वी आपल्याकडचे नियम पाहावेत. शिवाय कॅमेरा पक्षपाती नसतो: जीपीएस असेल तर आपला वेगही तो नोंदवतो, आपण तोडलेला सिग्नलही नोंदवतो आणि मायक्रोफोन चालू असेल तर गाडीतले बोलणेही, ज्याची कल्पना सोबतच्या माणसांना देणे आवश्यक आहे.

त्याच संध्याकाळी ताईने गाडी अधिकृत सेवा केंद्रात नेली. तेथे बॅटरीचे टोक सोडून, काही मिनिटे थांबून, पिशवीवरची वायर काढली गेली आणि दोन नव्या क्लिपांसह आवरण पूर्ववत बसले. कॅमेरा आता सॉकेटवर चालतो, पार्किंग मोड बंद आहे. तिने दोन्ही गटांत तो संदेश चुकीचा असल्याचे स्वतः लिहिले आणि खाली वायरीचे ते छायाचित्र जोडले.